बर्फावाचून कर्लिंग : नेरूळच्या वर्गातले आठ रविवार

कर्लिंगच्या वर्गात नाव घातले आहे असे मी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत सांगितले, तेव्हा समोरच्या काकूंनी आधी माझ्या केसांकडे पाहिले आणि या वयात कुरळ्या केसांची हौस कशाला, हा ओठांवर आलेला प्रश्न सभ्यपणे गिळून टाकला. त्यांचा गैरसमज दूर करण्यासाठी मी जिन्यातच उभी राहून बर्फ, दगड आणि झाडू या तीन वस्तूंचा उल्लेख केला आणि त्यामुळे गैरसमज वाढलाच. हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहिण्याचे एक कारण त्या काकू आहेत. दुसरे कारण असे की ज्या खेळाचा प्राणच बर्फ आहे, तो खेळ नेरूळमध्ये ऑक्टोबरच्या उकाड्यात, छताच्या पंख्याखाली, फरशीवर शिकवला जातो, आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, हा प्रश्न तुमच्या आधी मलाच पडला होता.

वर्ग आठ रविवारांचा, दर रविवारी सकाळी दोन तासांचा आणि शुल्क ३,२०० रुपये. जागा सीवूड्सच्या बाजूच्या एका गृहसंकुलाच्या तळमजल्यावरच्या सभागृहाची, जिथे एरवी बारशी, हळदीकुंकू आणि वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. ठाण्याहून नेरूळ लोकल पकडली की वाटेत ऐरोली, घणसोली, तुर्भे करीत गाडी पोहोचवते आणि पुढे रिक्षा. रविवारी गाड्यांमधले अंतर वाढते, तेव्हा नऊच्या वर्गासाठी ठाणेकरांनी सव्वासातलाच घर सोडलेले बरे. सभागृहात रंगीत चिकटपट्ट्यांनी दोन धावपट्ट्या आखलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला फरशीवर एकात एक वर्तुळे असलेली मोठी चटई अंथरलेली असते. पहिल्या दिवशी ते दृश्य पाहून मला शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीची आठवण झाली आणि उत्साह थोडा मावळला, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-चार खेळाडूंचे दोन संघ सुमारे ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद अशा बर्फाच्या पट्टीवरून ग्रॅनाइटचे दगड सरकवतात. पलीकडच्या टोकाला ३.६६ मीटर व्यासाचे वर्तुळ असते, त्याला ‘हाउस’ म्हणतात आणि त्याच्या केंद्राला ‘बटन’. एका फेरीत, म्हणजे ‘एंड’मध्ये, प्रत्येक संघ आठ दगड टाकतो आणि सगळे सोळा दगड टाकून झाले की ज्या संघाचा दगड केंद्राच्या सर्वांत जवळ असेल त्यालाच गुण मिळतात, प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत असलेल्या प्रत्येक दगडाला एक. मोठ्या स्पर्धांत असे दहा एंड असतात. शेवटचा दगड टाकण्याचा हक्क ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे ‘हॅमर’ आहे असे म्हणतात, आणि सगळी डावपेचांची इमारत या हक्काभोवती उभी राहते. दगड सोडताना त्याला मुठीने हलकी गिरकी दिलेली असते, त्यामुळे तो सरळ न जाता वेग कमी होताना एका बाजूला वळत जातो. हे वळणे म्हणजे ‘कर्ल’. साथीदार ब्रशने पुढचा बर्फ घासतात, त्याने घर्षण कमी होऊन दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. नियम एवढेच आहेत. ते पंधरा मिनिटांत समजतात, आणि नेमका किती जोर लावायचा हे मला आठ रविवारांनंतरही अर्धेच समजले आहे.

आता शिकवणाऱ्या बाईंविषयी, कारण या वर्गाला द्यायच्या पैशांतले निम्म्याहून अधिक त्यांच्या पूर्वायुष्यासाठी आहेत असे माझे मत झाले. त्यांचे नाव इथे देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. त्या कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या दक्षिण भागातल्या, गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावच्या. गावात एक शाळा, एक चर्च, धान्याचे एक कोठार आणि दोन पट्ट्यांचा कर्लिंग क्लब. हिवाळ्यात दुसरीकडे जायला जागाच नसल्याने सहाव्या वर्षी त्यांच्या हाती ब्रश आला. पुढे त्या ‘लीड’ म्हणून, म्हणजे संघाचे पहिले दोन दगड टाकणारी खेळाडू म्हणून, प्रांतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेपर्यंत दोनदा पोहोचल्या आणि दोन्ही वेळा तिथूनच परतल्या. आपल्याकडे हे ऐकून कुणी म्हणेल, जिल्हा पातळीवरच्या खेळाडूचे एवढे कौतुक कशाला? पण मॅनिटोबा म्हणजे जेनिफर जोन्स यांचा प्रांत, ज्यांच्या संघाने २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरता सुवर्णपदक मिळवले. त्या प्रांतात अजिंक्यपदाच्या स्पर्धेपर्यंत पोहोचणे हे मुंबईच्या क्रिकेटमध्ये रणजी संघाच्या उंबरठ्यावर पोहोचून तिथेच राहण्यासारखे आहे. तिथे राहून गेलेल्या माणसाला खेळ कळत नाही असे म्हणण्याचे धाडस दादर-माटुंग्यात तरी कुणी करणार नाही. विनिपेगच्या विद्यापीठात शिकताना त्यांची नेरूळच्या एका अभियंत्याशी ओळख झाली, लग्न झाले, आणि चार वर्षांपूर्वी सासूसासऱ्यांचे वय पाहून दोघे इकडे राहायला आले. मराठी त्या सासूबाईंकडून शिकल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात ‘अगंबाई’ आणि ‘इश्श’ अगदी खणखणीत येतात, ‘ळ’ मात्र अजून त्यांना वश झालेला नाही.

देश बदलणाऱ्या कर्लिंगपटूंची एक स्वतंत्र परंपरा आहे आणि ती मला पहिल्यांदा या वर्गात कळली. तिसऱ्या रविवारी वीज गेली, पंखे बंद पडले, दगड सरकवण्याचे त्राण कुणात उरले नाही, तेव्हा बाईंनी सगळ्यांना जमिनीवर बसवले आणि २००३ सालच्या विनिपेगची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा तिथे भरली होती, बाई सतरा वर्षांच्या होत्या आणि वडिलांबरोबर महिलांचा अंतिम सामना पाहायला गेल्या होत्या. कॅनडाच्या बाजूला कॉलीन जोन्स यांचा संघ, समोर अमेरिका. अमेरिकेची कर्णधार डेबी मॅकॉर्मिक जन्मली कॅनडातल्या सस्कटूनमध्ये, लहानपणीच अमेरिकेत गेली. तिची सहकारी ॲलिसन पॉटिंजर जन्मली ऑन्टारिओतल्या ब्रॅम्टनमध्ये. कॅनडात जन्मलेल्या या दोघींनी कॅनडाच्याच प्रेक्षकांसमोर कॅनडाला हरवले आणि अमेरिकेला महिला गटातले पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले. बाई म्हणाल्या, “माझे बाबा घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत, आणि घरी आल्यावर म्हणाले, त्या दोघी खेळल्या मात्र आपल्यासारख्या.” हे त्यांनी मराठीत सांगितले, आणि ‘मात्र’ हा शब्द इतक्या योग्य जागी पडला की आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मान डोलावली.

त्याआधी १९९९मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाच्या कर्णधार पॅटी लँक यादेखील मूळच्या सस्कॅचेवानच्या. या स्थलांतरामागचे कारण नेहमीच पदकाची हाव हे नसते. बहुतेकांच्या बाबतीत आईवडिलांची नोकरी, लग्न किंवा शिक्षण हेच असते. पण कॅनडात चांगल्या खेळाडूंची एवढी दाटी आहे की तिथला चौथ्या फळीतला खेळाडू दुसऱ्या देशात पहिल्या फळीत बसतो, हेही खरेच. नियमही त्याला फारसा आड येत नाही. जागतिक स्पर्धेसाठी त्या देशाचे नागरिकत्व किंवा स्पर्धेआधी सलग दोन वर्षांचे वास्तव्य पुरते. ऑलिंपिकसाठी मात्र नागरिकत्वच लागते. २००६च्या टोरिनो ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडचा पुरुष संघ उतरला, त्यातले हान्स फ्राउएनलोब हे जन्माने कॅनडाचे. तो संघ नऊच्या नऊ सामने हरला, आणि बाईंना सगळ्यांत जास्त जिव्हाळा त्याच संघाविषयी आहे. त्याच स्पर्धेत इटलीचा कर्णधार होता जोएल रेतोर्नाझ, जन्माने जिनिव्हाचा, वय अवघे बावीस; त्याच्या संघाने साखळी सामन्यात कॅनडाला हरवले आणि पुढे त्याच कॅनडाने सुवर्णपदक जिंकले. उलट दिशेचे उदाहरण एरिका ब्राउन यांचे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या खेळाडू १९८८मध्ये कॅलगरीत कर्लिंग हा प्रदर्शनीय खेळ असताना पंधराव्या वर्षी ऑलिंपिकला गेल्या, १९९८मध्ये नागानोला गेल्या, आणि २०१४मध्ये सोचीत कर्णधार म्हणून खेळल्या. मधल्या काळात त्या कॅनडात स्थायिक झाल्या, पण खेळत राहिल्या अमेरिकेसाठीच.

खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकांचे स्थलांतर मला अधिक रोचक वाटले, बाई स्वतः आता त्या गटात मोडतात म्हणून असेल. दक्षिण कोरियाच्या ज्या महिला संघाने २०१८च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवून सगळ्या देशाला वेड लावले, त्यांचे प्रशिक्षक पीटर गॅलंट हे कॅनडाचे. जपानच्या सात्सुकी फुजिसावा यांच्या संघाने २०१८मध्ये कांस्य आणि २०२२मध्ये रौप्यपदक मिळवले, त्यांच्या पाठीशी जे. डी. लिंड हेही कॅनडाचेच. ऑस्ट्रेलियाची टाली गिल ही तर स्थलांतरित कॅनेडियन आईची मुलगी. तिच्या देशात कर्लिंगसाठी वेगळा राखलेला बर्फच नव्हता, आइस हॉकीच्या खाचाखोचांच्या बर्फावर सराव करून ती आणि डीन ह्युइट २०२२मध्ये मिश्र दुहेरीत ऑलिंपिकला पोहोचले आणि पहिले सात सामने हरल्यावर शेवटचे दोन जिंकले. त्यातला एक कॅनडाविरुद्ध होता. आईने मुलीला दिलेला खेळ आईच्या देशाला महागात पडला, असे कुणीसे म्हणाले, तेव्हा बाईंच्या सासूबाई, ज्या दर रविवारी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात, एवढेच म्हणाल्या की सासूकडून शिकलेली पुरणपोळी सासूलाच खिलवण्यासारखे आहे.

या सासूबाईंचा आणि दगडाचा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्गात शिकण्यासाठी प्लास्टिकचे हलके दगड वापरतात, ज्यांच्या तळाशी पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. पण बाईंनी कॅनडातून घरसामानाबरोबर एक खराखुरा ग्रॅनाइटचा दगड आणला आहे, गावच्या क्लबने निरोपादाखल दिलेला. तो पहिल्या दिवशी टेबलावर ठेवून प्रत्येकाला उचलून पाहायला सांगतात. नियमानुसार दगडाचे वजन १७.२४ ते १९.९६ किलो असते, म्हणजे तांदळाच्या वीस किलोच्या पोत्याहून जरासेच कमी, आणि वर पकडायला मूठ. तो पहिल्यांदा घरात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “जातं आणलंस हे छान केलंस, पण खुंटा असा आडवा का बसवलाय?” बाईंनी हे हसत सांगितले, पण गंमत बाजूला ठेवली तरी निरीक्षण चुकीचे नाही. जात्याची खालची तळी जशी सपाट नसून टाके घालून खडबडीत ठेवलेली असते, तसाच कर्लिंगचा दगडही सगळ्या तळाने बर्फाला टेकत नाही. तळाशी मध्ये खोलगट भाग असतो आणि कडेची एक अरुंद गोल पट्टीच काय ती बर्फावरून धावते.

हे दगड कुठल्याही खाणीतले चालत नाहीत. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडच्या एअरशायर किनाऱ्यासमोरच्या एल्सा क्रेग या निर्जन बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात, आणि कॅनडातल्या बऱ्याच क्लबांत वेल्समधल्या ट्रेफोरचा ग्रॅनाइट असतो. दगडही स्थलांतरितच, हे माझ्या मनात आले तोवर बाई पुढच्या मुद्द्यावर गेल्या होत्या. मॉन्ट्रियलमध्ये १८०७ साली स्कॉटिश मंडळींनी क्लब काढला, पण जड दगड समुद्रापार आणणे परवडणारे नव्हते, म्हणून क्वेबेकमध्ये लोखंडाचे ‘दगड’ ओतले गेले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. इतरत्र कुठे लाकडाच्या ठोकळ्यांना लोखंडी पट्ट्या मारून काम भागवले. तेव्हा नेरूळमधल्या प्लास्टिकच्या दगडांना कुणी नाक मुरडत असेल, तर त्याने आधी क्वेबेकच्या लोहारांना जाब विचारावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटले, तरी एक अडचण उरतेच, आणि ती लहान नाही.

अडचण अशी की गोळ्यांवर धावणारा दगड वळत नाही. कर्लिंगमधून कर्ल गेला, तर उरलेल्या खेळाला काय म्हणायचे? बाई हे लपवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्याच रविवारी त्यांनी स्टीलचे फुलपात्र टेबलावर पालथे घालून, उजवीकडे गिरकी देऊन सरकवून दाखवले. ते डावीकडे वळले. मग सांगितले की बर्फावरचा दगड याच्या बरोबर उलट वागतो, उजवी गिरकी दिली तर उजवीकडेच वळतो, आणि तो असा का वागतो याविषयी शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. बर्फ काचेसारखा गुळगुळीत नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब फवारून गोठवतात, त्याला ‘पेबल’ म्हणतात, आणि दगड त्या बारीक पुळ्यांच्या माथ्यांवरून धावतो. कॅरमच्या फळीवर बोरिक पावडर टाकल्यावर सोंगट्या कशा तरंगल्यासारख्या जातात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे लगेच उमजेल. गार्डच्या, म्हणजे वाटेत राखणीला ठेवलेल्या दगडाच्या, आडोशाने वळत मागे जाऊन लपणे हा खेळातला सर्वांत देखणा फटका, आणि फरशीवर तोच येत नाही.

इथे या वर्गाची खरी गंमत सुरू होते. सभागृहाची फरशी कार्यक्रमानंतर धुता यावी म्हणून मोरीच्या दाराकडे किंचित उतरती आहे. पहिल्या रविवारी सगळ्यांचे दगड डावीकडे घसरू लागले तेव्हा आम्ही तक्रार केली. बाईंनी तक्रार ऐकून घेतली, स्वतः चार दगड वेगवेगळ्या जोराने टाकून पाहिले, गुडघ्यावर बसून फरशीचे सांधे तपासले, आणि म्हणाल्या की जगातली कुठलीही पट्टी सपाट नसते, बर्फ घालणारा माणूस कितीही कुशल असला तरी प्रत्येक पट्टीचा स्वभाव वेगळा, आणि सामन्याच्या पहिल्या दोन एंडांत जो तो स्वभाव ओळखतो तो निम्मा सामना तिथेच जिंकतो. त्या दिवसापासून मोरीचा उतार हाच आमचा कर्ल झाला. हळू टाकलेला दगड शेवटच्या दोन हातांत डावीकडे झुकतो, जोरात टाकलेला झुकत नाही, तिसऱ्या सांध्यावर एक फरशी उचललेली आहे तिथे दगड क्षणभर अडखळतो, खिडकीकडच्या पट्टीवर सकाळची धूळ असते म्हणून ती संथ आहे. हे सगळे त्यांनी आम्हाला वहीत लिहून काढायला लावले. बर्फाच्या देशातून आलेल्या या बाईंनी इकडे येताना बर्फ आणला नाही, वळणारा दगड आणला नाही. जमीन वाचण्याची नजर तेवढी आणली. पाचव्या रविवारी मी घरी पोळपाटावर लाटणे घरंगळताना पाहून आमच्या ओट्याचा उतार कुठे आहे हे बरोबर सांगितले, तेव्हा शुल्क वसूल झाल्याची मला खात्री पटली.

घासण्याचे काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. फरशी घासून काही होत नाही, उलट सफाई कामगार मावशी हसतात. पण घासणाऱ्यांचे निम्मे काम हातांचे नसून डोळ्यांचे असते, असे म्हणून बाईंनी दोघांना दगडाबरोबर चालायला लावले आणि तो कुठे थांबेल हे ओरडून सांगायची सक्ती केली. बर्फावर दोन आडव्या ‘हॉग’ रेषांमधले २१.९५ मीटरचे अंतर केंद्रावर जाऊन थांबणारा दगड साधारण चौदा-पंधरा सेकंदांत कापतो आणि खेळाडू घड्याळ लावून ते मोजत असतात. आमची पट्टी बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी, म्हणजे साडेतेरा मीटरच्या आसपास; तरीही आम्ही घड्याळे लावली आणि आमचे स्वतःचे आकडे काढले. व्हीलचेअर कर्लिंगमध्येही घासणे नसते, तो २००६पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, आणि तिथले खेळाडू दगड काठीने ढकलतात. गुडघे दुखणाऱ्या तिघांसाठी बाईंनी बांबूला आकडी लावून तशी काठी केली आहे. त्यातले बहात्तर वर्षांचे एक काका आता सगळ्यांत नेमका दगड टाकतात, आणि त्याचा त्यांना थोडा जास्तच अभिमान झाला आहे.

ओरडण्याचे शब्द मात्र मराठी झाले. दगड पुरेसा आहे, हात लावू नका, याला ‘राहू दे’; पुढे निघून चालला, याला ‘गेला’; आणि कमी पडतोय, याला ‘ये गं बाई’. शेवटचा शब्द सासूबाईंचा. शिष्टाचार मूळचेच ठेवले आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर टाळ्या वाजवायच्या नाहीत, चालत्या दगडाला आपला पाय लागला तर आपणच सांगायचे, सामना हाताबाहेर गेला की स्वतःहून हस्तांदोलन करून हार मानायची. आमच्या गटातल्या महाविद्यालयीन मुलांना पहिले कलम जड गेले. खेळानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेय पाजायचे ही जुनी रीतही बाईंनी लावली, पेयाच्या जागी चहा आणि कांदाभजी. हरलेल्याने खर्च करायचा हा आपल्याकडचा सार्वत्रिक नियम असल्यामुळे पहिल्यांदा जिंकल्यावर माझ्या संघातल्या एका गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता तक्रारी. जाहिरातीत सोळा जणांची तुकडी म्हटले होते, प्रत्यक्षात बावीस जण होते. दगडांचा एकच संच असल्याने एका पट्टीला आठच दगड येतात, म्हणजे संघाला चार, आणि माणशी एक. बर्फावर प्रत्येकाला एका एंडमध्ये दोन दगड मिळतात; दुसऱ्या दगडात पहिल्याची चूक सुधारता येते, शिकण्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे, आणि नेमके तेच इथे घडत नाही. सहा-सात जण सतत भिंतीला टेकून उभे असतात. गोळ्यांमध्ये धूळ आणि केस अडकून चार दगड सहाव्या रविवारनंतर किरकिरू लागले. ते साफ करण्याचे काम वर्गाआधी व्हायला हवे, वर्गाच्या वेळेत नव्हे. दिवाळीच्या रविवारी सुट्टी दिली ते योग्यच, पण एका रविवारी सभागृह साखरपुड्यासाठी दिले गेले आणि आम्हाला ते दारात पोहोचल्यावर कळले. त्याचा बदली वर्ग मिळाला हे खरे, मात्र ठाण्याहून आलेल्या माणसाची सकाळ परत मिळत नाही. सभागृहाच्या व्यवस्थापनाने वाहन लावू देण्यावरूनही दोनदा वाद घातला. यातले बाईंच्या हातचे थोडे आणि इतरांच्या हातचे जास्त आहे, तरी शुल्क त्या घेतात, तेव्हा उत्तरही त्यांनीच द्यायला हवे.

आणखी एक मुद्दा जाहिरातीच्या पत्रकाचा. ते त्यांच्या एका उत्साही विद्यार्थ्याने तयार केले आहे आणि त्यात ‘ऑलिंपिकचा मार्ग’ असे शब्द आहेत. ते काढून टाकावेत. नेरूळच्या फरशीवरून ऑलिंपिकला कुणी जाणार नाही, आणि बाईंनी पहिल्याच तासात हे स्वच्छ सांगितले. मग पत्रकाने खोटे का बोलावे? दोन मुलांना खरोखर पुढे जायचे आहे. त्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की बर्फावर पाय घसरण्याची सवय व्हायला एक अख्खा हिवाळा लागतो, डिलिव्हरीत, म्हणजे दगड सोडताना, पुढचा पाय वाकवून शरीर जमिनीलगत सरकवण्याची क्रिया इथे शिकवता येणार नाही, आणि फरशीवरच्या सवयी तिथे मोडाव्या लागतील. अशी मोकळी कबुली पैसे घेऊन शिकवणाऱ्यांकडून फारशी ऐकायला मिळत नाही.

लहान मुलांना हा वर्ग कितपत आवडेल याविषयी मी साशंक आहे. दहा वर्षांखालची तिघे होती आणि चौथ्या रविवारी त्यांनी दगडांची लगोरी रचली. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बसून तेच तेच बोलण्याचा कंटाळा आलेल्यांनी, कॅरमवर हात बसलेल्यांनी आणि हिशोबी डोक्याच्या माणसांनी अवश्य जावे. धाप लागेपर्यंत घाम गाळायचा असेल त्यांनी पाम बीच रस्त्यावर पहाटे पळावे.

शेवटच्या रविवारी आमच्या संघाकडे हॅमर होता. माझा दगड गार्डच्या उजवीकडून निघाला, उतारावर डावीकडे झुकला आणि बटनाच्या कडेवर थांबला. तिथेच समोरच्यांचाही एक दगड होता. दोन्हींमधले अंतर डोळ्यांना कळेना. बाईंनी सासूबाईंकडून गजऱ्याचा दोरा मागून घेतला, केंद्रापासून दोन्हीकडे ताणून मोजला आणि बोटाच्या पेराएवढ्या फरकाने आम्ही हरलो असे सांगितले. भजी समोरच्यांनी दिली. जानेवारीच्या तुकडीसाठी मी पुन्हा नाव घातले आहे, दगडांचा दुसरा संच मागवला आहे असे तोंडी आश्वासन घेऊनच.